चादरींच्या खोलीतला उपचार

भाची : मग शिंपीकाका कुणाबद्दल बोलत होते? "दुसऱ्या भागातल्या बाईंना माझा नमस्कार सांगा" म्हणाले. माझ्या संशोधनात दुसरा भागच नाहीये, आत्या.

आत्या : अगं, दिवसभर मशीनवर वाकून बसणारा माणूस तो. त्याचं काय घेऊन बसलीस? चहा सांगू?

भाची : नको. मग मी दुसऱ्या एका रुग्णाला, ग्रंथपालबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिल्या भागापेक्षा दुसराच जास्त चांगला होता.

आत्या : असं म्हणाल्या? खरंच?

भाची : तू खूश का होतेयस?

आत्या : मी कुठं खूश होतेय? चेहराच तसा आहे माझा.

भाची : आत्या, चार वाजता सर येणारेत आकडे बघायला. त्याच्या आत मला हे कळायला हवं. ती वरच्या फळीवरची खोकी काढ जरा, रुग्णांचे कागद आहेत त्यात.

आत्या : तूच काढ बाई, उंच आहे ती फळी. आणि आकडे चांगले आलेत म्हणालीस ना सकाळी? मग झालं तर. मी पाटीसुद्धा आणून ठेवलीय.

भाची : कसली पाटी?

आत्या : दाराची. ही काय, टेबलाखाली. वर्तमानपत्रात गुंडाळलीय. "डॉक्टर" लिहून घेतलंय तुझ्या नावाआधी. पहिल्यांदा त्या रंगाऱ्यानं नुसतं "डॉ" लिहिलं आणि टिंबच दिलं नाही. मी म्हटलं, माझ्या भाचीनं टिंबासाठी पण मेहनत केलीय. पूर्ण शब्द लिहा.

भाची : मला पदवी मिळालेली नाही अजून! आणि आकडे चांगले आलेत हाच तर घोळ आहे. सगळ्यांचेच चांगले आलेत.

आत्या : सगळे बरे झाले आणि तू तोंड पाडून बसलीस?

भाची : अर्धे लोक बरे व्हायलाच नको होते.

आत्या : हळू बोल. दवाखान्यात बसून असं अभद्र बोलतात का?

भाची : तुला पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं मी.

आत्या : सांगितलं होतंस. पण पुस्तकातल्या भाषेत सांगितलंस, म्हणून मी नुसती मान हलवली.

भाची : बरं. परत सांगते. आपल्या स्नायूंवर एक पातळ आवरण असतं. ते ताठरलं, एकमेकांना चिकटून बसलं की मान वळत नाही, खांदा दुखतो. मायोफेशियल रिलीज म्हणजे त्या आवरणावर हळू दाब द्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा. चोळायचं नाही, रगडायचं नाही. ते सैल होईपर्यंत वाट बघायची.

आत्या : म्हणजे रजईच्या खोळीत रजई गोळा होते, तसं. बाहेरून कितीही ओढा, ती जागची हलत नाही. आत हात घालून धीरानं सरळ करावी लागते.

भाची : हो. तसंच समज. आता प्रश्न असा की माणूस त्या दाबानं बरा होतो, का नुसता कुणीतरी हात लावला म्हणून त्याला बरं वाटतं? ते कळायचं कसं? म्हणून अर्ध्या लोकांना मी खरा उपचार दिला आणि अर्ध्यांना खोटा.

आत्या : खोटा?

भाची : हात त्याच जागी ठेवायचा, तेवढाच वेळ ठेवायचा, पण दाब अजिबात द्यायचा नाही. आपल्याला खरा मिळाला की खोटा, हे रुग्णाला सांगायचं नाही. शेवटी दोन गटांची तुलना करायची. खरा गट सुधारला, खोटा नाही सुधारला, की म्हणायचं, दाबाचा उपयोग होतो.

आत्या : थांब थांब. तू मुद्दाम दाबत नव्हतीस?

भाची : मुद्दाम.

आत्या : म्हणजे तुझा अंगठा दुखत नव्हता?

भाची : माझा अंगठा कशाला दुखेल?

आत्या : अगं आई गं.

भाची : आत्या. काय केलंस तू?

आत्या : तू बस आधी. बस. पाणी पी. तुझ्या गालावर आत्तापासूनच लाल डाग यायला लागलेत, लहानपणी निकालाच्या दिवशी यायचे तसे.

भाची : मी बसलेय. बोल.

आत्या : त्याचं असं झालं. ते बँकेतले रोखपाल नव्हते का, सारखे मानेला हात लावणारे? ते तुझ्याकडून बाहेर आले आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, कसं वाटतंय? तर म्हणतात, "मुलगी चांगली आहे हो, पण तिच्या हातात जीव नाही." माझ्या भाचीच्या हातात!

भाची : मग?

आत्या : मग मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पुढच्या बाईंच्या मानेवर तुझा हात नुसता ठेवलेला, आणि तू घड्याळाकडे बघत बसलेलीस. मला वाटलं, पोरगी दमली. सकाळपासून दाबून दाबून अंगठा गेला असणार, आणि सांगणार कुणाला? कामाच्या बाबतीत कण्हायची सवय नाही आपल्या घरात कुणाला.

भाची : आणि तू काय केलंस?

आत्या : कोपऱ्यात ती चादरींची खोली आहे ना... तिथं एक बाक होता रिकामा...

भाची : नाही.

आत्या : त्यांना म्हटलं, या इकडे, तुमचा दुसरा भाग राहिलाय.

भाची : नाही, नाही, नाही.

आत्या : जास्त काही नाही गं केलं! तू पहिल्या वर्षाला असताना घरी माझ्याच पाठीवर सराव करायचीस, आठवतं? "आत्या हलू नकोस, आत्या श्वास सोड, आत्या आता सैल झालं बघ." तेच केलं. हात ठेवायचा, दाबायचा, धरायचा, वाट बघायची. मला तोंडपाठ आहे ते. हल्ली तू करत नाहीस, पण माणूस विसरतं का?

भाची : किती जणांना केलंस हे?

आत्या : ज्यांची तोंडं उतरलेली असायची तेवढ्यांनाच.

भाची : म्हणजे खोट्या गटातल्या सगळ्यांना.

आत्या : मला काय माहीत ते खोट्या गटातले आहेत! चेहऱ्यावरून मात्र बरोबर कळायचं. एकदा त्या ड्रायव्हरदादांनी हट्ट धरला, मला पण दुसरा भाग द्या म्हणून. मी सरळ सांगितलं, तुम्हाला नको, तुमचं आतच व्यवस्थित झालेलं दिसतंय.

भाची : ड्रायव्हरदादा खऱ्या गटात होते.

आत्या : बघ! चुकले नाही मी.

भाची : आत्या, कोण कुठल्या गटात आहे हे माझ्याशिवाय कुणालाही कळू नये म्हणून मी बंद पाकिटं केली. मोजायला वेगळी मैत्रीण बसवली, तीसुद्धा दुसऱ्या मजल्यावर. आणि तू पाण्याचा ग्लास देता देता चेहरा बघून गट ओळखत होतीस!

आत्या : मग पाकिटांवर एवढा खर्च कशाला करायचा?

भाची : आणि रुग्ण सही करतात त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, काहींना खोटा उपचार मिळेल म्हणून. ते कागद तूच वाटत होतीस.

आत्या : वाटत होते. वाचत नव्हते.

भाची : त्या लोकांनी तरी वाचले असतील ना!

आत्या : कुणी वाचत नाही गं. सही कुठं करायची एवढंच विचारायचे. एक गवंडीदादा तेवढे चष्मा लावून वाचायला बसले होते, तर तू त्यांना आत बोलावलंस.

भाची : अजून काही आहे? आत्ताच सांग. सर यायच्या आत सगळं सांगून टाक.

आत्या : अजून म्हणजे... ते वर जाऊन तुझ्या मैत्रिणीला आकडा सांगायचे ना, दुखणं दहापैकी किती...

भाची : तू त्यातही नाक खुपसलंस?

आत्या : खुपसलं कुठे? नुसतं विचारायचे. "मागच्या आठवड्यात सात होतं ना? मग आज पण सातच कसं? इतकं धरलं मी. नीट आठवून बघा. मुलीच्या परीक्षेचा प्रश्न आहे."

भाची : आणि ते आकडा कमी करायचे?

आत्या : शहाणी माणसं करायची. गवंडीदादा मात्र साडेसहावर अडून बसले. भाजीवाल्यासारखी घासाघीस झाली आमची. पण एक सांगते, त्यांची मान खरंच वळायला लागली होती हं. जिन्यावरून मला मागे वळून हात करायचे. ते काही माझ्या सांगण्यावरून नाही.

भाची : मला माहितीय. मोजलेला कोनही वाढलाय. म्हणून तर मला रात्रभर झोप लागली नाही. मला वाटलं, माझाच काहीतरी दोष आहे. तीन वर्षं मी जे शिकले, ज्याच्यावर माझा एवढा विश्वास बसला, ते काही नाहीच. नुसता हात ठेवला तरी तेवढंच होतं. सकाळी दात घासताना मी माझ्या हातांकडे बघत बसले होते, आत्या. वाटलं, हे हात कशाला आहेत मग?

आत्या : अगं वेडे...

भाची : आणि तू चादरींच्या खोलीत दुकान काढून बसली होतीस!

आत्या : ओरड. ओरड हवं तेवढं. पण रडू नकोस. आता मी एक सुचवू? तू काही बोलूच नकोस. चादरींना काही तोंड नसतं. मी तर काय, मी गप्प बसते.

भाची : तू? गप्प?

आत्या : प्रयत्न करते.

(दारावर टकटक. सर आत येतात. मान डावीकडे कललेली. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे अख्खेच वळतात.)

सर : बसा, बसा. उठू नका. मला फक्त ती खुर्ची या बाजूला द्या, उजवीकडे मान होत नाही. हां. तर मी आकडे बघितले. वरून थेट मागवून घेतले. दुपारचं जेवण राहिलं, पण जेवणाचं काय!

भाची : सर, त्याबद्दलच मला —

सर : दोन्ही गट सारखे! मी तीनदा पडताळून बघितलं. खरा उपचार, खोटा उपचार, फरक नाही. मी या विभागात आल्यापासून ओरडतोय की हे आवरण सैल होतं वगैरे सगळं मनाचं समाधान आहे. दाबा नाहीतर नुसता हात ठेवा, एकूण एकच. कुणी ऐकत नव्हतं. माझ्यामागे मला काय म्हणतात माहितीय? दगड म्हणतात. आता दाखवतो. परिषदेत तू हे पहिल्याच दिवशी मांडायचंस, मोठ्या सभागृहात. प्रबंध महिनाअखेर सादर. माझ्याकडून एकही दुरुस्ती नाही.

आत्या : एकही नाही? ऐकलंस का गं?

भाची : सर, एक गोष्ट सांगायची होती.

आत्या : सर, चहा घेणार ना?

सर : घेईन की. आज घेईन.

भाची : सर, त्या खोट्या गटातल्या लोकांना —

आत्या : साखर किती घालायला सांगू?

भाची : आत्या, माझ्या पायावरचा पाय काढ.

सर : काय चाललंय?

भाची : सर, हे आकडे वापरता येणार नाहीत. खोटा गट खोटा राहिलेला नाही.

सर : म्हणजे?

भाची : त्या लोकांनाही दाब मिळालाय.

सर : तू दाब दिलास? खोट्या गटात? तुला मी काय सांगितलं होतं? ज्याला उपचाराची सवय आहे त्याच्या हातून नकळत दाब जातो, दुसरा माणूस घे. तू म्हणालीस, माझा हातावर ताबा आहे. हा ताबा? तीन वर्षं फुकट! ज्याला आपला हात हलका ठेवता येत नाही, त्यानं रुग्णाला हात लावायचा तरी कशाला? मला तर आता वाटायला लागलंय की तुला या विषयात —

आत्या : एक मिनिट, सर. तिच्या हाताला नावं ठेवायची नाहीत. तिनं नुसता ठेवायचा तर नुसताच ठेवला. मी पडद्यातून बघितलंय. ते दाबणारे हात माझे होते.

सर : तुमचे?

आत्या : चादरींच्या खोलीत. मला वाटलं पोरीचा अंगठा दुखतोय, काम अर्धवट राहतंय, म्हणून बाहेर आलेल्यांचं मी पुरं करून देत होते. तिला आज, आत्ता कळलं. रागवायचं ते मला रागवा. ती लहान असल्यापासून तिच्या वाट्याची बोलणी मीच खात आलेय, मला सवय आहे.

सर : पण तुम्ही विभागाच्या कर्मचारी असून असं कसं केलंत?

आत्या : मी कुठली कर्मचारी? मी हिची आत्या.

सर : आत्या? मग मागच्या महिन्यात मी तुमच्या रजेच्या अर्जावर सही केली ती?

आत्या : केलीत. मला दोन दिवस नणंदेकडे जायचं होतं. सगळ्यांचेच अर्ज पुढे केले होते तुमच्या, मीही एक लिहून ठेवला. नाही म्हणाला असतात तर गेले नसते.

भाची : सर, मला बाहेर बसायला माणूस मिळत नव्हता. आत्या म्हणाली, मी बसते. मला वाटलं, पाणी देण्यात आणि नावं पुकारण्यात काय बिघडणार आहे?

सर : आणखी कुणाला माहीत आहे हे?

भाची : आपल्या तिघांना.

आत्या : आणि त्या खोट्या गटातल्या सगळ्यांना. आणि ड्रायव्हरदादांना. आणि चादरी धुणाऱ्या बाई अधूनमधून यायच्या, त्यांचीही कंबर —

सर : पुरे. म्हणजे बऱ्याच लोकांना. हं. समजा, आपण असं म्हटलं की... काही रुग्णांनी उपचारानंतर बाहेर अन्य स्वरूपाचं साहाय्य घेतलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही... एक छोटी तळटीप...

भाची : सर, तळटीपेत आत्या मावणार नाही.

सर : मावेल. लहान अक्षरात.

भाची : नाही, सर. तुम्हाला हवं ते उत्तर आलंय म्हणून ते खरं होत नाही. मला हवं ते आलं असतं आणि त्यात असा घोळ निघाला असता, तर तुम्हीच माझा प्रबंध खिडकीबाहेर भिरकावला असता. मला पदवी हवीय. किती हवीय ते तुम्हाला माहितीय. पण अशी घेतली तर दारावरच्या पाटीकडे बघून रोज घरात शिरणं मला जमणार नाही.

सर : पाटीपण झाली?

आत्या : झालीय. राहू दे टेबलाखालीच. पाटीला काही खायला लागत नाही.

सर : दुपारपासून मी फार आनंदात होतो हो. जिना चढताना चक्क शीळ घातली मी. एका शिपायानं थांबून बघितलं.

आत्या : चहा सांगतेच आता.

सर : नको. बरोबर आहे तुझं. भिरकावलाच असता मी. आणि तळटीप म्हणालो ते विसर. बाई, तुम्ही करत काय होतात नेमकं?

आत्या : दाखवू? तुमच्याच मानेवर दाखवते. डावीकडे कलली आहेच. बसा असे. खांदे खाली सोडा. आणखी खाली. प्राध्यापक असला तरी खांद्यांना कळत नाही ते. आता श्वास सोडा.

सर : एकाच हातानं करता? डाव्या?

आत्या : डाव्यानंच करते.

सर : दोन्ही हात लावले तर पकड चांगली बसेल. उजवा इकडे वर घ्या.

आत्या : उजवा आहे तिथं बरा आहे. बोलू नका. सकाळी उठल्यावर जास्त आखडते का? उशी किती उंच घेता?

सर : उशी नाही, पुस्तकं घेतो. वाचता वाचता झोप लागते.

आत्या : आणि घरात कुणी उठवत नाही?

सर : कोण उठवणार? मुलगा लांब असतो. फोन करतो रविवारी. सूनबाई पण चांगली आहे. मागे एकदा आले होते तेव्हा... पण हे कशाला विचारताय तुम्ही?

आत्या : मी कुठं विचारलं? मी उशीचं विचारलं. आता वळवा बघू मान उजवीकडे.

सर : हं.

आत्या : काही फरक?

सर : नाही.

आत्या : अजिबात नाही?

सर : अजिबात नाही.

आत्या : परत धरू? जरा जोर लावते.

सर : बाई, मान आहे ती. नळ नाही.

भाची : आत्या, सोड त्यांना.

आत्या : असं कसं? रोखपालांना तर पहिल्याच दिवशी गुण आला होता. ग्रंथपालबाई कपाटाच्या वरचं पुस्तक काढायला लागल्या. मग ते सगळे कशानं बरे झाले म्हणायचं? मी दाबलं म्हणून, का माझ्याशी सूनबाईचं बोलत बसले म्हणून?

सर : का तुम्ही आकडे कमी करून घेतलेत म्हणून? वरून आकड्यांबरोबर आलेल्या एका कागदाचा अर्थ मला आत्ता कळला. एक गवंडी आहेत, त्यांनी तक्रार केलीय की खालच्या बाई भाव पाडतात.

भाची : तेच शोधायचंय, सर. पुन्हा पहिल्यापासून.

सर : एक वर्ष जाईल.

भाची : जाईल.

सर : मुदतवाढीचा अर्ज लिही, मी सही करतो. या वेळी वाचून करतो. आणि झालेला सगळा प्रकार एका प्रकरणात जसाच्या तसा लिहायचा, चादरींच्या खोलीसकट. वाचणाऱ्यांना कळू दे की संशोधन कसं कसं बुडतं. मात्र बाहेर दुसरा माणूस बसेल. मुका असला तरी चालेल.

आत्या : म्हणजे मी नको.

सर : तुम्ही या इमारतीतच नको. राग मानू नका.

आत्या : नाही हो. माझ्यामुळे हिचं वर्ष गेलं, राग कसला मानू? वाईट वाटतंय फक्त. चांगलं करायला गेले आणि पोरीच्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवून बसले.

सर : निघतो मी. आणि ऐक. परिषदेचं मी रद्द करतो. दगड म्हणतात तर म्हणू दे आणखी एक वर्ष.

आत्या : सर, ती पुस्तकं काढून साधी उशी घ्या.

सर : बघतो.

आत्या : गेले? अगं, ते दारातून "बघतो" म्हणाले तेव्हा मान वळवली त्यांनी. उजवीकडे!

भाची : अख्खेच वळले.

आत्या : नाही. थोडी मानही वळली. मी बघितलं.

भाची : आत्या, मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

आत्या : नाही बोलत. आता काहीच बोलत नाही. ही पाटी घेते आणि निघते घरी. तू ये सावकाश. खूप रागावलीस का माझ्यावर?

भाची : खूप.

आत्या : बरं.

भाची : थांब. पाटी खाली ठेव. उजवा हात वर कर.

आत्या : कशाला?

भाची : वर कर.

आत्या : हा काय. केला.

भाची : हा वर? हा खांद्यापर्यंतसुद्धा आला नाही. कधीपासून आहे हे?

आत्या : आहे थोडे दिवस.

भाची : मघाशी खोकी काढली नाहीस. सगळं डाव्या हातानं करत होतीस. आणि तुझे केस! तू केस कापलेस ते मागच्या वर्षी. मी सगळ्यांना सांगत सुटले, आत्याला हौस आली, आत्या आता नव्या जमान्याची झाली.

आत्या : अंबाडा घालता येईना. हात मागे जात नव्हता. कापल्यावर बरं झालं, डाव्या हातानं विंचरून होतं. आणि तू म्हणालीस छान दिसतात, तेही बरं वाटलं.

भाची : वर्षभर तू माझ्या दाराबाहेर बसलीस. हा खांदा घेऊन. आत मी दिवसभर हेच करतेय आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?

आत्या : तूच तर म्हणाली होतीस, घरच्या माणसाला अभ्यासात घेता येत नाही.

भाची : अभ्यासात घेता येत नाही, आत्या! घरी घेता येतं!

आत्या : ते तू सांगितलं नव्हतंस. आणि घरी यायचीस ती दमून. दिवसभर लोकांच्या माना धरून आलेल्या पोरीला कोण म्हणेल, आता माझा खांदा बघ म्हणून?

भाची : मी म्हटलं असतं ना, रोज म्हटलं असतं. मला लाज वाटतेय, आत्या. अख्ख्या गावाच्या माना मोजल्या आणि तुझा हात मला दिसला नाही. चल. झोप त्या पलंगावर.

आत्या : आत्ता? इथं? सर म्हणाले, इमारतीत थांबायचं नाही.

भाची : सरांना मी सांगते. डाव्या कुशीवर हो. हळू. उशी देते. दुखतंय?

आत्या : दहापैकी सांगू का?

भाची : खरं सांगणार असशील तर.

आत्या : मग आठ.

भाची : आठ. बरं. आता खांदा सोडून दे. मी धरलाय. श्वास सोड.

आत्या : हं. एक विचारू? हा खरा आहे का खोटा?

भाची : ते सांगायचं नसतं.

आत्या : नको सांगूस. पण खोटा असला तरी हात लगेच उचलू नकोस.